रेशमाच्या गाठीवरची चंद्रकोर

१

गाठ कापली गेली आणि आधी आला तो मेंढीचा वास.

वसंतोत्सवाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. आमच्या बेल देवाच्या मंदिराच्या कोषागारात आम्ही मोजकीच माणसे उभी होतो. उंच झरोक्यातून उतरणारा प्रकाश त्या बकऱ्याच्या कातड्याच्या पोत्यावर असा पडला होता, जणू देवालाही घाई झाली होती. देवाच्या मखराला कापड किती पुरेल याचे माप घ्यायला मला बोलावले होते. मी मोकीमू, तदमोरचा शिल्पी. एरवी मृतांचे चेहरे दगडात उतरवतो.

पोत्यात चीनचे रेशीम असायला हवे होते. वाळवंटापलीकडच्या मेशानच्या राजाने ते आमच्या देवाला भेट पाठवले होते. वाट मोकळी राहावी, रोमचा आणि पार्थियाचा रुसवा कितीही वाढला तरी उंटांची ये-जा थांबू नये, एवढाच त्या भेटीचा अर्थ.

पुजारी हद्दुदानने गाठीवरची डांबराची मोहोर सगळ्यांना दाखवली. ती अखंड होती. दोरीला ओवलेली मेशानची चांदीची चंद्रकोर जागच्या जागी होती, काळपट, शांत. दोरी कातड्यात इतकी रुतली होती की सुरीशिवाय सुटेना. मग त्याने पोते पालथे केले.

लोकर. शुभ्र, पिंजलेली, पेळू करून ठेवलेली लोकर. आणि तिच्यात सुताचे दोन-चार गुंडे.

हद्दुदानने पोते पुन्हा झटकले.

"मी बोलणार नव्हतो," मागून आवाज आला. तो यद्दैचा होता. ज्याच्या काफिल्याने हे पोते वाळवंटातून आणले, तो यद्दै. काही आठवड्यांपूर्वी, काफिला गावात शिरण्याच्या आदल्या दिवशी, त्याची एकुलती लेक गेली होती. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्या सकाळी तो उभा होता हेच पुष्कळ होते. "पण आता गप्प बसणं पाप आहे. फुरात नदीच्या काठी मी मिहरबोजनला पाहिलं. पोतं प्रवाहात बुडवून बसला होता. मग कोपरापर्यंत हात धुतले नदीत. मला वाटलं, धूळ धुतोय. कातडं भिजलं की सैल पडतं. गाठ न सोडता दोरी पोत्याच्या मानेवरून अख्खी निघते. वाळलं की पुन्हा आवळते. हे काफिल्यातल्या कुणालाही ठाऊक आहे."

सगळ्यांच्या नजरा मिहरबोजनकडे वळल्या. राजाच्या वतीने रेशमाबरोबर आलेला तो उंच, म्हातारा पारशी दाराशी उभा होता.

"मी हे केलेलं नाही," तो म्हणाला, आणि एवढेच म्हणाला.

देवाच्या वस्तूची चोरी करणाऱ्याचा उजवा हात तोडतात. नगरसभेने दुपारच्या आत निर्णय दिला: उद्या सूर्य वर आला की, मिरवणूक निघण्यापूर्वी.

२

शलमतआत्या अंगणात पिस्ते निवडत बसली होती. बातमी ऐकताना तिची बोटे थांबली नाहीत. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, काफिलाप्रमुखाची विधवा. नवऱ्याबरोबर ती मेशानपर्यंत जाऊन आलेली होती, आणि त्या प्रवासाने तिच्या जिभेची धार कमी न करता वाढवलीच होती.

"म्हणजे माझ्या घरात उतरलेल्या पाहुण्याचा हात तोडणार, आणि मला विचारणारसुद्धा नाहीत?"

"आत्या, यद्दैने डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनी काय, माझ्या सासूने एकदा डोळ्यांनी भूत पाहिलं होतं. सकाळी बघते तर शेजाऱ्याचा उंट." तिने सुपातले टरफल फुंकले. "तुझे आतोबा तापाने वाळवंटात पडले तेव्हा सगळा काफिला पुढे गेला. हा माणूस थांबला. त्या हाताने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. आणि तोच हात वेदीतला अग्नी राखतो. हात गेला तर अग्नीपुढे उभं राहता येणार नाही त्याला. त्याच्यासाठी तो जिवंतपणीच मेला. कळतंय का तुला?"

कळत होते. ती उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि सभेच्या अध्यक्षाकडे गेली. तिथे काय झाले ते मला माहीत नाही. पण परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर ते रिकामे पोते होते, आणि काखेत लोकरीचा बोळा.

"सूर्योदयापर्यंत मोकळीक दिलीय," ती म्हणाली. "फार उदार झाले. चल, ऊठ. त्या मेलेल्यांच्या चेहऱ्यांना आज सुट्टी दे."

मी हातातली छिन्नी खाली ठेवली. माझ्यापुढे यद्दैच्या मुलीचीच शिळा होती. ती जवळजवळ संपली होती; पण तीन दिवसांपूर्वी यद्दैने येऊन मला तिचे दोन्ही हात पुन्हा कोरायला लावले होते. टकळी उजव्या हातात कोरायची आमची रीत. "डाव्यात दे," तो म्हणाला होता. बाकी एक शब्द नाही. दगड वाया जाईल म्हणून मी कुरकुरलो होतो, हे आता आठवले की जीभ चावावीशी वाटते.

३

मिहरबोजनला मंदिराच्या आवारातल्या एका खोलीत ठेवले होते. कोपऱ्यात छोटी शेगडी होती. निखाऱ्यांवर आपला श्वास पडू नये म्हणून तोंडापुढे कापड धरून तो त्यांच्यापाशी बसला होता, एखाद्या आजारी नातेवाइकाशेजारी बसावे तसा.

"या, वहिनी," तो म्हणाला. "तुमच्या घरचं जेवण बरं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं. इथली भाकरी पायताणासारखी आहे."

"पायताण बरं. तुम्ही हे सांगा, सभेपुढे गप्प का बसलात?"

"काय बोलायचं होतं?"

"नदीत हात धुतलेत का?"

त्याने आमच्याकडे पाहिले, आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर खरेखुरे, निखळ हसू उमटले. "वाहत्या पाण्यात? मी? वहिनी, लहानपणी एकदा ओढ्यात थुंकलो तर आईने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पाणी पवित्र असतं. अंगावरचा मळ त्यात सोडायचा म्हणजे…" त्याने शब्द शोधला, मिळाला नाही. "आम्ही भांड्यात पाणी काढतो, काठापासून लांब जातो, मग धुतो. आणि मेलेल्या बकऱ्याचं कातडं नदीत बुडवायचं? त्यापेक्षा मी रेशीम चोरलं असतं."

"मग हेच सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, चोराला कसला आलाय धर्म. तुमच्याकडे स्वच्छ व्हायचं म्हणजे झऱ्यात उतरायचं. ज्याला खोटं रचायचं होतं त्याने तुमच्यासारखे हात धुतलेला माणूस रचला. तुमच्या लोकांना ते खरंच वाटणार."

आत्या माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर एक आठी होती. ती पडली की प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळालेले असते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

"रेशीम कसं होतं?" तिने विचारले.

मिहरबोजनने निखाऱ्यांवरची राख चिमट्याने बाजूला केली. "निळ्या रंगावर ढग. ढगांत पक्षी, शेपट्या ज्वाळांसारख्या. आणि मध्ये मध्ये त्यांची चौकोनी अक्षरं. वाटेतल्या मर्व शहराच्या एका व्यापाऱ्याने सांगितलं, ती पांघरणाऱ्याला दीर्घायुष्य मागतात. दुसरा म्हणाला, छे, ते विणकराचं नाव आहे. ज्याने विणलं त्याला तदमोर ठाऊक नाही. जो इथे पाहणार त्याला तो देश ठाऊक नाही. मधे आम्ही. एकमेकांना न कळणाऱ्या शब्दांचे हमाल."

बाहेर पडताना मी म्हणालो, "आत्या, यद्दै खोटं बोलला हे सिद्ध झालं."

"तुझ्यापुढे झालं. सभेपुढे नाही. आणि तो चुकलाही असेल. उन्हात माणसाला काहीही दिसतं. मोहोर अखंड आहे, म्हणजे पोतं कुठेतरी भिजलंय हे नक्की. कुठे, ते कळलं पाहिजे." तिने पोते नाकाशी नेले, दीर्घ श्वास घेतला आणि चिडून ते माझ्याकडे फेकले. "बकरा. नुसता बकरा. तुला काय येतंय?"

मलाही बकऱ्याशिवाय काही येत नव्हते.

"तेच," ती पुटपुटली. "आपल्या दोघांची नाकं इथलीच. काय उपयोग? परक्याचं नाक हवं."

४

वेशीवर जकात घेणारा क्विंटस हा रोमन माणूस हिवाळ्यात इथे आला होता, आणि आल्यापासून त्याची एकच तक्रार चालू होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तो ती एका उंटवाल्याला ऐकवत होता. आमच्या अफ्का झऱ्याचे पाणी कोमट असते. गाव त्याच्यावर जगते, त्यात नाहते, त्याच्यापुढे हात जोडते. परक्यांना म्हणे त्याला वास येतो.

"वास?" क्विंटस म्हणाला. "बाई, कोंबडीने उन्हाळ्यात अंडी घालून विसरावीत असा वास येतो. तुमच्या गावात मी वाइन पितो ती नाक बधिर करायला."

"वाइन पिण्याची कारणं काय, गावोगाव वेगळी असतात," आत्या म्हणाली. "याचा वास घ्या बरं."

त्याने पोत्याच्या तोंडाशी नाक नेले, आणि लगेच मागे घेतले. "उं! हेच ते. बकरा आणि तुमचं ते पवित्र पाणी."

आत्याने पोत्याची हळूच घडी घातली. मला वाटले ती आनंदेल. पण ती आणखीच सावध झाली.

"नीट आठवून सांगा. काफिला आला त्या संध्याकाळी हे पोतं तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? वजन केलं. देवाचं म्हणून जकात सोडली, पण वजन केलंच. तेव्हा बकऱ्याचाच वास होता. दुसरा असता तर मी पहिला ओरडलो असतो."

"आणि गाठीवरची चंद्रकोर?"

"कसली लखलखत होती! सूर्य बुडत होता आणि तिची तिरीप माझ्या डोळ्यांत. मी म्हटलंसुद्धा त्या दाढीवाल्या पारशाला, हा तुकडा मला द्या, रेशीम तुमच्या देवाला ठेवा. तो हसला नाही. ते लोक हसतात का कधी?"

"आज सकाळीच हसला," आत्या म्हणाली.

आम्ही वेशीपासून थोडे दूर आलो. दुपार कलत होती. खजुरींच्या बागेवर झऱ्याची वाफ तरंगत होती, जन्मापासून पाहत आलो ती; तिला गंध आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगत होते. आपल्या आईचा आवाज घोगरा आहे हे शेजाऱ्याकडून कळावे, तसे काहीसे वाटले.

"आत्या, चंद्रकोर तर काळी आहे. सकाळी मी पाहिली."

"पाहिलीस आणि काय वाटलं तुला?"

"काही नाही. चांदी काळीच असते."

"तदमोरमध्ये!" ती जवळजवळ ओरडली. "अरे, आपल्या गावात! आपल्या पाण्याने काळी पडते ती. मेशानला बायकांच्या गळ्यात चांदी आरशासारखी असते, मी पाहिलीय. आपण ती लकाकी कधी बघतच नाही, म्हणून काळी दिसली तर कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. चोराचीही हलली नाही. तोही इथलाच."

"म्हणजे पोतं गावात भिजलं. नदीवर नाही."

"हो. आता एकच विचारायचंय, आणि उत्तर काय मिळेल याची मला भीती वाटतेय."

५

हद्दुदान कोषागाराच्या पायरीवर बसून घाम पुसत होता. तो भला माणूस होता, पण घाबरला की त्याच्या तोंडून देवाची सगळी नावे ओळीने बाहेर पडत.

"शलमतबाई, बेलची शपथ, यर्हिबोलची शपथ, आमच्या चंद्रदेवाची, अगलिबोलची शपथ…"

"चंद्राला दमवू नका, त्याला अजून उगवायचंय. पोतं तुमच्या ताब्यात कधी आलं?"

"काफिला आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळचा बळी झाल्यावर. त्याआधी कोषागार उघडत नाही, ही रीत आहे. रात्री पोतं यद्दैच्या घरी होतं. तो स्वतः घेऊन आला. बिचारा! घरात लेकीचं प्रेत, आणि हा देवाचं ओझं विसरला नाही. मी म्हटलं त्याला, अरे, कुणाला तरी पाठवायचं होतंस."

"आणि चंद्रकोर कशी होती तेव्हा? लखलखीत?"

"लखलखीत?" हद्दुदान गोंधळला. "चांदीची होती हो. काळी."

आत्याने डोळे मिटले. संध्याकाळी वेशीवर लखलखणारी चांदी सकाळी काळी होऊन मंदिरात आली होती, आणि मधली रात्र एकाच छपराखाली गेली होती.

"पण त्या रात्री मिहरबोजनही गावातच होता," मी म्हणालो. मला दुसरे उत्तर हवे होते. यद्दैने माझ्या कारखान्यात उभे राहून दगडातल्या गालावर बोट फिरवलेले मी पाहिले होते.

"माझ्या घरी झोपला होता. ते मी सभेत सांगितलं तर म्हणतील, बाई पाहुण्याची बाजू घेणारच. म्हणून ते सोडून दे. हे बघ." तिने काखेतला लोकरीचा बोळा पायरीवर पसरला. "मला सकाळपासून हेच छळतंय. वजन भरायला चोर काय घालील?"

"चिंध्या. वाळू. भुसा."

"ही केवढी निगुतीने पिंजलीय पाहा. काटे एकेक करून काढलेत. पेळू तर बाळाच्या बोटांसारखे. इतकी मेहनत केलेली लोकर कुणी पोत्यात का कोंबील? ज्याला ती आता कुणी कातणार नाही हे ठाऊक आहे, तोच." तिने सुताचा एक गुंडा उचलला, टोक सोडवले आणि दोन बोटांत फिरवले. धागा घट्ट व्हायच्या ऐवजी उलगडला. तिने पुन्हा फिरवले. पुन्हा उलगडला.

"उलटा पीळ," ती म्हणाली. "डावखुरीचा. अशी कातणारी गावात कोण आहे, मला ठाऊक नाही. घरोघर विचारत फिरायला वेळही नाही."

मी तो धागा तिच्या बोटांतून घेतला.

"विचारायला नको," मी म्हणालो. "मला ठाऊक आहे."

आणि मी तिला टकळीचे सांगितले.

६

मृतांचे मनोरे गावाच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या कुशीत उभे आहेत. संध्याकाळी त्यांच्या सावल्या गावाकडे सरकू लागतात, जणू आतली माणसे घरी निघाली आहेत. यद्दै त्याच्या कुळाच्या मनोऱ्याच्या उंबऱ्यावर बसला होता. लेक गेल्यापासून तो रोज तिथे बसे.

आत्या त्याच्या शेजारी बसली. मी दूर उभा राहिलो. पण त्या दरीत कुजबुजसुद्धा दगडांवरून परत येते.

"यद्दै, निळा रंग आहे म्हणे. ढग आणि पक्षी."

तो दचकला नाही. त्याचे खांदे मात्र हळूहळू खाली आले, ओझे उतरवताना उंट गुडघ्यावर येतो तसे.

"अक्का," तो म्हणाला, "तिने काय मागितलं होतं ठाऊक आहे? लहान होती तेव्हापासून. दर खेपेला. 'बाबा, या वेळी मला आणशील?' आणि मी दर खेपेला म्हणायचो, या वेळी नाही, पुढच्या वेळी. आयुष्यभर दुसऱ्यांचं रेशीम वाहिलं मी. रोमच्या बायकांचं, सरदारांचं, देवांचं. आलो तर दारात बायका रडत होत्या. आत शिरलो, खांद्यावर ते पोतं तसंच. तिला राळ लावून ठेवली होती. आणि गुंडाळायला काय, तर जुन्या तागाच्या पट्ट्या."

"म्हणून दार लावून घेतलंस."

"बापानेच गुंडाळायची म्हणालो. कुणी अडवलं नाही. हंड्यात झऱ्याचं पाणी होतं, तिला आंघोळ घालून उरलेलं. पोतं त्यात बुडवलं. शेगडीपाशी वाळवलं. पोत्यात भरायला काहीतरी हवं होतं. तिची टोपली उशाशी होती…" तो थांबला. "ती टोपली मला दिसायला नको होती, अक्का. ती डोळ्यांपुढून जायला हवी होती."

"आणि मिहरबोजनचा हात?"

पहिल्यांदाच त्याने मान वळवली. "मला वाटलं, तो राजाचा माणूस. राजा सोडवून नेईल. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं."

"राजा महिन्याच्या वाटेवर आहे. सूर्य उद्या सकाळी उगवतो."

आतून, त्या थंड दगडी कप्प्यांतून, राळेचा जड वास येत होता. माझ्या नाकाला एवढा तरी कळत होता.

"ऐक," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता मऊ होता, आणि म्हणूनच भयंकर. "माझ्याकडे चांदी आहे, रोमनाचं नाक आहे, सूत आहे. मी सभेत बोलले तर ते म्हणतील, रेशीम दाखवा. मग कप्पा फोडतील. तिला उजेडात आणतील. पट्टी पट्टी सोडवतील, सगळ्या गावादेखत. तू स्वतः बोललास तर पुरावा कुणी मागणार नाही. ती आहे तशी निजेल. मी सकाळी तिथे असेन. तू बोलला नाहीस तर मला बोलावं लागेल, यद्दै. मी बोलेन."

ती उठली. तो तिथेच बसून राहिला.

परतताना मी विचारले, "येईल तो?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. एवढे छोटे उत्तर तिने मला कधी दिले नव्हते.

७

सकाळी मंदिराच्या पटांगणात सारे गाव होते. उत्सवाचे कपडे, खजुराच्या फांद्या, आणि मधोमध एक लाकडी ठोकळा. मिहरबोजनने बाही स्वतःच दुमडली होती. उगवत्या सूर्याकडे तोंड करून तो काहीतरी पुटपुटत होता. त्याच्यासाठी तोही अग्नीच.

यद्दै कुठेच दिसत नव्हता.

पश्चिमेच्या भिंतीवर उजेडाची रेघ आली, मग ती जाड झाली. परशूवाल्याने सभेच्या अध्यक्षाकडे पाहिले. आत्याने ओढणी सारखी केली आणि पाऊल पुढे टाकले. तिचे ओठ उघडले.

"थांबा."

गर्दी दुभंगली. यद्दै आला तो तोंडाला राख फासून, अनवाणी. तो ठोकळ्यापर्यंत गेला, मिहरबोजनचा हात धरून त्याने बाजूला केला आणि आपला हात तिथे ठेवला. मग त्याने सगळे सांगितले. हंडा, शेगडी, टोपली. आवाज एकदाही चढला नाही, फुटलाही नाही. नदीकाठच्या खोट्याची कबुली देताना तेवढा तो मिहरबोजनकडे बघत होता.

आमचा कायदा साधा आहे: खोट्या साक्षीने दुसऱ्यावर जे आणले, ते साक्षीदाराने भोगायचे. परशूवाला हललाही होता.

"रेशीम परत घ्यायला हवं," कुणीतरी ओरडले.

हद्दुदानने दोन्ही हात वर केले. "प्रेतावरचं वस्त्र? देवाला? वेड लागलंय का तुम्हाला?"

अध्यक्ष मिहरबोजनकडे वळला. "मग राजाने ते परत न्यावं."

"आमच्यात," मिहरबोजन सावकाश म्हणाला, "मेलेल्यावर एक धागासुद्धा वाया घालवणं पाप मानतात. यद्दैने केलं ते मला करू देता आलं नसतं, आणि क्षमा करायला मी धर्मगुरू नाही. पण प्रेताला लागलेल्या कापडाला मी शिवूही शकत नाही. ते आता कुणाचंच नाही. जिच्याजवळ आहे तिच्याजवळ राहू दे." त्याने दुमडलेली बाही खाली सोडली. "हाताचं म्हणाल, तर हात माझा जाणार होता. म्हणून मागणं माझं. मला हा माणूस हातांसकट हवा आहे. मेशानपर्यंत. राजापुढे उभं राहून याने आपल्या तोंडाने सांगावं. राजा काय करील, मी सांगू शकत नाही."

सभेने थोडी कुजबूज केली, आणि मान हलवली. देवाचे मखर त्या वर्षी उघडेच राहिले. मिरवणूक मात्र निघाली.

८

उत्सव संपल्यावर काफिला निघाला. पुढे दुसराच प्रमुख होता; यद्दै मागे, पायी, एका उंटाचा दोर धरून. जाईल तिथून तो परत येईल की नाही, हे त्याच्या बायकोने आत्याला विचारले नाही, आणि आत्यानेही खोटा धीर दिला नाही. तिने त्याच्या पडशीत पिस्ते भरले आणि म्हणाली, "टरफलं नदीत टाकू नकोस. म्हातारा रागावेल."

मिहरबोजन उंटावर बसला होता. सभेनंतर तो यद्दैशी एक शब्दही बोलला नव्हता. वेशीपाशी, क्विंटस पोत्यांची मोजणी करत असताना, त्याने उंट वळवला आणि यद्दैच्या शेजारी आणून थांबवला.

"राजा मला विचारील," तो म्हणाला, "रेशीम कुणाला मिळालं. मला नाव सांगता यायला हवं."

यद्दैने मान वर केली. मागचे उंट थबकले. घंटा एकेक करून गप्प झाल्या. मिहरबोजन वाट पाहत राहिला, घाई न करता.

"हदिरा," यद्दै म्हणाला.

"हदिरा," म्हाताऱ्याने आपल्या परक्या जिभेवर ते नाव एकदा फिरवून पाहिले, आणि उंटाला पुढे हाकले.